रजिस्टर वाचताना हात थरथरतात: सामाजिक भीतीवर शरीराकडून सुरू होणारे उपाय

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. वय २६, बारावीपर्यंत शिक्षण. गावात लिहिता-वाचता येणारी सून म्हणून बचत गटाचं सचिवपद त्यांच्याकडे आलं. महिन्याच्या बैठकीत हिशोब वाचायची वेळ आली की हात थरथरतात, आवाज घशात अडकतो, छातीत धडधडतं. पाहुणे आले की कप वाजतील या भीतीनं चहाचा ट्रे त्या जावेच्या हाती देतात. बँकेत कोणी पाहत असलं की सही बदलते. त्यांनी मोबाइलवर सोमॅटिक थेरपीचे व्हिडिओ पाहिले. अंगात साठलेली भीती शरीर हलवून बाहेर काढता येते, असं त्यात सांगतात. त्या लिहितात, "मले गोळ्या नको, अन् जवळपास कोणी डॉक्टरही नाही. हे व्यायाम करून थरथर जाईन का? घरी काय सांगू?"

ताई, आधी थेट उत्तर देते. शरीराकडून सुरू होणारे उपाय तुमच्या त्रासात उपयोगी पडतात. पण "थरथर गेलीच पाहिजे" असा हट्ट धरून ते केले तर त्रास वाढतो, कारण मग बैठकीत बसल्या बसल्या सगळं लक्ष "गेली का, आहे का" हे तपासण्यातच जातं. हे उपाय करायचे ते थरथरत्या हातानंही रजिस्टर शेवटच्या ओळीपर्यंत वाचता यावं म्हणून. त्यानंतर बहुतेकांची थरथर हळूहळू कमी होते, पण ती मागाहून होणारी गोष्ट आहे. विदर्भातल्या खेड्यांत हे काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा हेच समजावून सांगावं लागतं.

त्याआधी शरीराची साधी तपासणी करून घ्या. घरात एकट्या, निवांत असताना कप धरला तरी हात थरथरतो का? फक्त लोकांसमोरच थरथरत असेल तर ती सामाजिक भीतीची, म्हणजे लोक आपल्याला जोखतील या भीतीची, थरथर समजायला हरकत नाही. एकटं असतानाही थरथरत असेल, वजन उतरत असेल, सारखं गरम होत असेल, तर थायरॉइड तपासा. हिमोग्लोबिन तर तपासाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. रक्त कमी असलं की थोड्या श्रमानंही छाती धडधडते आणि त्या धडधडीला आपण भीती म्हणू लागतो. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगते. फवारणीच्या दिवसांत घाम, थरथर, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक असं काही झालं तर भीती समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आहेत.

आता बैठकीत तुमच्या अंगात काय होतं ते पाहू. चार जण आपल्याला जोखताहेत असं वाटलं की शरीर धोक्याला तोंड द्यायची तयारी करतं. रक्तात अॅड्रेनलिन उतरतं, हृदय जोरात चालतं, लाळ कमी होऊन जीभ टाळूला चिकटते, श्वास छातीच्या वरच्या भागात चढतो. प्रत्येक माणसाच्या हाताला मुळातच एक बारीक थरथर असते, डोळ्यांना न दिसणारी. अॅड्रेनलिन ती वाढवतं. त्यात आपण कप घट्ट धरतो, आणि आवळलेला स्नायू आणखी थरथरतो. कोपरं अंगाला चिकटवून, दोन्ही हातांनी ट्रे दाबून धरला की कप जास्त वाजतात. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि "आता मी पडते" असं वाटतं. पण माणूस बेशुद्ध पडायला रक्तदाब उतरावा लागतो, आणि या भीतीत तो सहसा थोडा चढलेला असतो. रक्त पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचं वेगळं, त्यांचा रक्तदाब खरोखर उतरतो. अॅड्रेनलिनचा जोर रक्तात काही मिनिटंच टिकतो. आपण घाबरून पळालो नाही आणि "आता कसं होईन" म्हणत त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं नाही, तर तो उतरतो.

कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून येता तेव्हा छाती याहून जास्त धडधडते, घाम याहून जास्त येतो, गाठोडं उतरवल्यावर हातही कापतात. पण तेव्हा तुम्ही त्या धडधडीकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत नसता, म्हणून ती कोणाच्या लक्षात येईल हा विचारही मनात येत नाही.

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली या भीतीचं चक्र मांडलं, आणि आजचे चांगले उपचार बरेचसे त्यावर उभे आहेत. त्यांचं म्हणणं असं की घाबरलेला माणूस समोरच्यांकडे पाहायचं सोडून स्वतःचं अंग तपासू लागतो. आत जे जाणवतं त्यावरून बाहेर आपण कसे दिसत असू याचं चित्र तो मनात काढतो. आतून हात जोरजोरात हलतोय असं वाटतं, म्हणून बाहेरूनही तसंच दिसत असणार. त्यात बचावाच्या सवयी येतात. पदर पुढं ओढून घेणं, रजिस्टरात तोंड घालून एका दमात वाचणं, ट्रे जावेला देणं. या सवयींनी त्या क्षणापुरती सुटका होते, पण "कप वाजले तर खरंच काय होतं?" हे कळायची संधी दर वेळी हातची जाते.

म्हणूनच व्हिडिओ पाहून डोळे मिटून अर्धा-अर्धा तास अंगातली भीती शोधत बसायचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. तुमचं लक्ष आधीच गरजेपेक्षा जास्त आत आहे. सोमॅटिक थेरपीच्या नावाखाली जे दाखवतात त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या पीटर लिव्हाइन यांच्या पद्धतीवरून आलेलं आहे. ती मुख्यतः अपघात, हिंसा, अत्याचार यांच्या आघातासाठी तयार झाली, आणि तिच्यावरचे अभ्यास थोडे, लहान आणि बहुतेक आघातावरचेच आहेत. सामाजिक भीतीसाठी तिचा भक्कम पुरावा नाही. अंग झटकल्यावर मोकळं वाटत असेल तर खुशाल झटका, त्यात वाईट काही नाही. पण भीती अंगात कुठे गोळा होऊन बसलेली असते आणि एक दिवस निघून जाते, असं शरीरात घडत नाही. आणि तुमच्या आयुष्यात मारहाण किंवा अत्याचार घडून गेला असेल, डोळे मिटल्यावर तेच समोर येत असेल, तर हे व्यायाम एकट्यानं अजिबात करू नका. ते प्रशिक्षित माणसासोबतच करायचं काम आहे.

शरीरावरच्या उपायांपैकी या भीतीसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो स्नायू सैल करण्याचा सराव. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू आवळून सोडण्याची पद्धत मांडली. पुढे स्वीडनच्या लार्स-योरान ओस्त यांनी तिला कामाचं वळण दिलं. आधी घरी सैल व्हायला शिकायचं, मग तो वेळ कमी करत करत काही सेकंदांवर आणायचा, आणि मग भीतीची पहिली चाहूल लागताच भर गर्दीत तो वापरायचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली केलेल्या अभ्यासात ज्यांचं शरीर जास्त पेटतं, म्हणजे धडधड फार होते, त्यांना या पद्धतीनं जास्त फायदा झालेला दिसला. पण २००६ साली क्लार्क यांनी तुलना केली तेव्हा असा सराव आणि लोकांत मिसळणं या जोडीपेक्षा, लक्ष बाहेर वळवून आणि बचावाच्या सवयी सोडून केलेला विचारांचा उपचार बराच सरस ठरला. म्हणून मी दोन्ही जोडून देते. शरीराचा सराव घरी सुरू करायचा आणि तो लोकांमध्ये नेऊन पूर्ण करायचा.

सराव असा करा. रात्रीची कामं उरकली की बाजेवर पडा किंवा भिंतीला टेकून बसा. दोन्ही मुठी पाच-सात सेकंद आवळा आणि एकदम सोडून द्या. वीसेक सेकंद नुसता तो सैलपणा जाणवू द्या. मग खांदे कानांकडे उचलून सोडा. मग जबडा, पोट, मांड्या, पावलं. कुठे दुखत असेल तर तो भाग सोडून द्या. दोनेक आठवड्यांनी आवळणं बंद करा, फक्त सोडायचं. त्यानंतर हे कामात आणा, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका हाच गाळतात. भाकर थापताना हातांना काम असतं, जबड्याला आणि कपाळाला नसतं. त्यांना सैल सोडा. हंडा उचलताना पाठीला काम असतं, दातांना नसतं. काम चालू असताना बाकीचं अंग सैल ठेवायची सवय लागली की ट्रे नेताना तीच उपयोगी पडते. ट्रे पडणार नाही इतपतच धरायचा, खांदे खाली, कोपरं अंगापासून मोकळी.

श्वासाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. घाबरल्यावर "मोठा श्वास घे" असं सगळेच म्हणतात. तुम्ही मोठा श्वास घेऊ नका, लांब सोडा. श्वास घेताना हृदयाची गती जराशी वाढते, सोडताना मंदावते, हे शरीराचं रोजचं चलन आहे. चार मोजेपर्यंत नाकानं घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सकाळ-संध्याकाळ पाच पाच मिनिटं पुरे. बैठकीत मात्र मोजत बसायचं नाही. रजिस्टर उघडण्याआधी एकदा लांब सोडा आणि मान वर करून बायकांकडे पाहा. तिथे आकडे मोजत बसलात तर तीही पदर ओढण्यासारखीच एक बचावाची सवय होते.

तिसरा सराव उलटा आहे. धडधड मुद्दाम आणायची. अंगणात एका जागी मिनिटभर धावा, छाती चांगली धडधडू द्या आणि तशाच मैत्रिणीला फोन लावून दोन मिनिटं बोला. धडधडत्या छातीनंही वाक्य पूर्ण होतं, हे शरीराला अनुभवातूनच पटतं, समजावून पटत नाही. हृदयाचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त फार कमी असेल तर मात्र हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि मोबाइल कामाला लावा. जावेला तुमचं रजिस्टर वाचणं चित्रित करायला सांगा. पाहण्याआधी कागदावर लिहा की हात किती हलताना दिसेल, आवाज किती कापेल, दहापैकी किती. मग एखाद्या अनोळखी बाईला पाहावं तसं स्वतःला पाहा. बहुतेकांना लिहिलेला आकडा आणि दिसलेला यांत मोठं अंतर सापडतं. दुसऱ्यांदा वाचताना पदर सोडा, सावकाश वाचा, प्रत्येक नावानंतर त्या बाईच्या जागेकडे पाहा. दोन्ही चित्रणं शेजारी ठेवून पाहिलीत की कोणतं बरं दिसतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

यापुढचा भाग खेड्यात शहरापेक्षा अवघड असतो, आणि पुस्तकांत तो नसतो. शहरात अनोळखी लोकांत सराव करता येतो. चूक झाली तरी पुन्हा कोण भेटणार आहे? गावात मात्र किराणावाला नवऱ्याचा मित्र, पिठाच्या गिरणीवर चुलतसासू, आणि सकाळी झालेली गोष्ट दुपारी पारावर. म्हणून सुरुवात गावाबाहेर करा. आठवडी बाजार यासाठी उत्तम. जिथे ओळखी कमी आहेत अशा बाजारात दोन दुकानांवर भाव विचारा, आणि काही घेतलं नाही तरी चालेल. एसटीत वाहकाकडे उरलेले सुट्टे पैसे मागा, मागे बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. तिथे तीन-चार वेळा भीती चढून उतरलेली अनुभवलीत की मग गावात या. आधी शेजारणीला एक कप चहा, मग दोघींना, मग पाहुण्यांना ट्रे. कप अर्धे भरू नका, नेहमीसारखे भरा. बैठकीत आधी फक्त तारीख आणि हजर सभासदांची नावं वाचा, पुढच्या महिन्यात बचतीचा हिशोब, त्यापुढे कर्जाची थकबाकी, कारण त्यावर बायका प्रश्न विचारतात. ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांची, बैठक त्यानंतर. बँकेत सही करताना एकदा मुद्दाम कॅशियर पाहत असतानाच करा. सही जुळली नाही तर तो पुन्हा करायला सांगतो, एवढंच. प्रत्येक वेळी आधी लिहून ठेवा की काय वाईट घडेल असं वाटतं, आणि नंतर लिहा काय घडलं. "कशी वाटली मी?" असं मात्र कोणाला विचारू नका.

आपल्याकडे यासाठी एक तयार जागा आहे. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजातून जी सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावागावांत पोचली, ती तुमच्या गावात होत असेल तर तिथे जाऊन बसा. बायकांचं भजनी मंडळ असेल तर आणखी चांगलं. गाताना श्वास आपोआप लांब सुटतो, आवाज वीस जणींच्या आवाजात मिसळलेला असतो, हातात टाळ असला की हाताला चारचौघांत काम मिळतं आणि थरथर असली तरी ताल चुकत नाही. पुढे कधीतरी धृपद एकटीनं उचला. घरातूनही याला सहसा ना होत नाही, आणि तुमच्यासारख्या सुनेसाठी ही मोठी सोय आहे. माझ्या अनुभवात बंद खोलीतल्या व्यायामापेक्षा यानं जास्त बायका बोलत्या झाल्या आहेत.

एक फरक मात्र सांभाळा. काही ठिकाणी भीती खरीच असते. जातीवरून टोमणे मारणारी माणसं, बाईनं तोंड उघडलं की हसणारी ग्रामसभा, चारचौघांत ओरडणारा नवरा. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, आणि तो अपमान निमूट गिळता यावा म्हणून श्वासाचा सराव करायचा नाही. तिथे गटाची साथ लागते, कधी कायद्याची. सराव निवडताना स्वतःला विचारा की इथे लोक खरंच वाईट वागतात, की वागतील असं मला वाटतं? दुसऱ्या प्रकारच्या जागांपासून सुरू करा.

गोळ्यांना तुम्ही घाबरता ते समजू शकते. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही या त्रासावर पहिली पसंती बोलण्याच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलणाऱ्या उपचाराला आहे. पण तीन-चार महिने मनापासून सराव करूनही बैठका टळतच राहिल्या, उदासी आली, झोप-भूक गेली, तर औषध घेण्यात कमीपणा नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची नशा होत नाही, फक्त मनानं एकदम बंद करायची नसतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी मात्र नको, तिची सवय लागते. थरथर थांबवायला प्रोप्रानोलॉलही लोक एकमेकांना सुचवतात. दम्याच्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. हे वाचणाऱ्या भावांसाठी सांगते, लग्नाच्या वरातीआधी थोडी दारू किंवा चारचौघांत जाण्याआधी खर्रा, यानं भीती जात नाही. खर्ऱ्यातलं निकोटिन धडधड वाढवतंच.

जवळ डॉक्टर नाही हे पूर्ण खरं नाही, ताई. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधं मिळतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, फुकट आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला समोरासमोर बोलणं जड जातं, तर सुरुवात फोनवरूनच करा. फोन लावतानाही धडधडेल, तोही सरावच धरा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

घरी सांगायचं तर आजाराचं मोठं नाव सांगू नका, काम सांगा. नवऱ्याला म्हणा, "बैठकीत वाचताना माझे हात थरथरतात. सराव केला की कमी होते म्हणतात. बाजारात तुम्ही मागं उभे राहा, भाव मी विचारतो." सासूबाईंना प्रार्थनेला सोबत घेऊन जा. गटाच्या अध्यक्षबाईंना सांगून ठेवा की वाचताना मी मध्ये थांबले तर रजिस्टर हातातून घेऊ नका, थोडं थांबा, मी पुढं वाचेन. आणि जावेला सांगायचं ते सगळ्यात सोपं आहे. "मी पुढं केला तरी ट्रे हाती घेऊ नको."